घार सापडली तर पिंजरा नको, खोका आणा

राजेहो, घार, शिकरा, घुबड असं काही वावरात नाहीतर लाईनीखाली पडलेलं सापडलं तर कृपा करून त्याला पोपटाच्या पिंजऱ्यात टाकू नका. लोकं जीव वाचवायलाच आणतात हे मान्य, पण पाखरू घाबरून जाळीवर धडका मारतं अन् मांज्यातून वाचलेली पिसं तारेत मोडतात, शेपटीची तर पार केरसुणी होते.

"पीस काय, नवीन येईल" असं सगळेच म्हणतात. येतं, पण लगेच नाही. मोडक्या पिसाचा खुंट कातडीत तसाच राहतो, पिसं झडायचा मोसम आल्याशिवाय तो गळत नाही, मोठ्या पक्ष्यांना सगळी पिसं बदलायला वर्षाच्या वर लागू शकतं. तोवर ते कोंडलेलं, छातीचं मांस उतरतं, तळव्यांना फोड येतात. अन् खुंट उपटला तर मूळच खराब व्हायची भीती.

याला इलाज आहे, तोही जुना. बाज पाळणारे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत, १३व्या शतकात युरोपातल्या सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं लिहूनही ठेवलाय. पिसाची दांडी आतून पोकळ असते. मोडकं पीस साफ कापायचं, त्याच जातीच्या पक्ष्याचं तेच पीस घ्यायचं, म्हणजे डाव्या पंखातलं चौथं तर डाव्यातलंच चौथं, अन् बांबूची तासलेली बारीक काडी अर्धी खुंटात, अर्धी नव्या पिसात इपॉक्सी गोंदानं बसवायची. खाली कागद सरकवायचा, नाहीतर गोंदाचा एक थेंब शेजारची पिसं चिकटवून टाकतो. वाढ पूर्ण झालेल्या पिसात जीव नसतो, म्हणून दुखत नाही. घुबडाला मात्र घुबडाचंच लागतं, त्याच्या पंखाच्या कडेला बारीक दात असतात, त्यानंच ते बिनआवाज उडतं.

पण पीस आणायचं कुठून? नायलॉन मांज्यावर हरित लवादाची बंदी २०१७ पासून आहे, तरी संक्रांतीला घारी मरतातच. माझं म्हणणं आहे की नागपूरच्या सेमिनरी हिल्ससारख्या जखमी वन्यप्राण्यांच्या प्रत्येक ट्रीटमेंट सेंटरला पिसांची बँक पाहिजे. पाखरू रोगानं मेलेलं नसेल तर पुरायच्या आधी पंखाची अन् शेपटीची पिसं नंबर टाकून जपावी, पैसा कितीसा लागतो त्याला! आपण घरी नाही ठेवायची बरं का, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हे काम वनखात्यानंच करावं.

आपण एवढंच करा. पुठ्ठ्याचा खोका, बाजूनं छिद्रं, खाली जुनी चादर (टॉवेल नको, नखं अडकतात), झाकण बंद, मटण-पाणी तोंडात कोंबू नका, पोट्ट्यांना सेल्फी काढू देऊ नका, अन् लगेच वनखात्याच्या हेल्पलाईनला, १९२६ ला फोन लावा.