खोली बघायला जाताना मामांचं आडनाव सोबत ठेवा

पीएचडीला नाशिकला येताय? या की. हवा चांगली, द्राक्षं चांगली, मिसळ तर काय विचारूच नका. राहायचं कुठे म्हणता? अगदी सोपं आहे हो. मी गेल्या रविवारी चौदावी खोली बघून आलो, त्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार आता मला नक्की प्राप्त झालाय. सध्या मी सिडकोत मित्राच्या खोलीत आहे. खोलीत कॉट तीन आणि माणसं चार, पण ते सोडा.

आधी पैशांचं बघू. आमचे वडील लासलगावच्या मार्केटला कांदा घालतात, त्यामुळे आमच्या घरी हिशेब रुपयांत होत नाही. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या वन आरकेचं भाडं ९,००० आहे असं फोनवर सांगितल्यावर ते म्हणाले, "बाराशेचा भाव धर. साडेसात क्विंटल." ३०,००० डिपॉझिट म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे एक ट्रॉली." मग जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "ते साडेसात क्विंटल वर्षाला ना?" अशा वेळी रेंज गेल्याचं सोंग करावं.

'फेलोशिप जमा झाली की भाडं देतो' असं मालकाला चुकूनही सांगू नका. त्यांना फेलोशिप म्हणजे भिशी वाटते. खरं तर भिशीचा अपमान आहे हा, भिशी वेळेवर लागते.

डिपॉझिटवर घासाघीस करू नये. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये असं लिहिलंय म्हणे. पण तो राज्याने स्वीकारला तर लागू, आणि मुळात नावातच आदर्श आहे. आदर्शाचं काय करायचं असतं? फ्रेम करून भिंतीवर टांगायचं. फक्त खिळा ठोकल्याचे हजार रुपये जाताना कापले जातील.

एजंट 'कॉलेजपासून पाच मिनिटं' म्हणाला की विश्वास ठेवा. पाथर्डी फाट्यावरून गंगापूर रोडला पाच मिनिटांत पोहोचता येतं, मुंबई नाक्याचा सिग्नल, सीबीएस आणि अशोक स्तंभ त्या दिवशी उचलून दुसरीकडे ठेवले असतील तर.

स्वयंपाक येत असेल तर विसरा.

'आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही' असं लासलगावच्या माणसाला तोंडावर सांगणारा मालकही भेटेल. रागवू नका. रविवारी सकाळी तो तुम्हाला मिसळीच्या रांगेत, प्लेटमध्ये वरून कांदा मागताना दिसेल. बाहेरचा कांदा चालतो.

आणखी एक, २०२७ च्या सिंहस्थाचं भान ठेवा. एका काकांनी मला स्पष्ट सांगितलं, "आत्ता घ्या, पण कुंभाच्या आधी रिकामी करावी लागेल, तेव्हा खोल्या दिवसावर जातात." बरोबरच आहे. संसार सोडलेल्यांसाठी तपोवनात साधुग्राम उभं राहतं. संसार सुरूच न झालेल्यांसाठी कोण उभं करणार?

करार रजिस्टर करू का असं विचारू नका, समोरच्याचं मन दुखावतं. "रजिस्टर कशाला? आपण काय परके आहोत का?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, रजिस्टर हवा, ती जबाबदारी मालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मला पाठ आहे. एकदा म्हणून दाखवलं, ती अकरावी खोली होती.

आता मुख्य तयारी. आधार कार्ड, पॅन कार्ड, कॉलेजचं पत्र, दोन फोटो हे सगळं न्याच, पण त्याच्याआधी आईला फोन करून आजोळची माहिती ताजी करून घ्या. लागते.

गेल्या रविवारची ती चौदावी खोली गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला होती. बंगला, बाहेरून जिना, वर एक खोली, खिडकीत आंब्याची फांदी. एजंटने आदल्या संध्याकाळीच २,००० टोकन घेतलेलं. काकांनी चहा दिला. आधी त्यांच्या मुलीचा विषय निघाला. ती पुण्यात एमबीए करते. "पुण्याचे मालक फार बेकार हो. तिघींना एका खोलीत कोंबलंय. आधीच्या घराचं डिपॉझिट अजून दाबून बसलेत. माणुसकीच राहिली नाही." मी मनापासून हळहळलो. मग माझी पाळी आली.

"काय करता?"

"पीएचडी."

"म्हणजे अजून शिकताच? वय?"

"सत्तावीस."

"लग्न?"

"नाही."

"का?"

खोली मिळत नाही म्हणून, हे अगदी ओठांवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

"मुली येणार नाहीत ना वर?" नाही. "मित्र?" नाही. "आईवडील आले तर किती दिवस राहतील?" एक दिवस, काका. "गाव कोणतं?" लासलगावजवळ. "वा, म्हणजे आपल्याकडचेच की! आडनाव?"

"जाधव."

कप बशीत टेकला. "हां... जाधव म्हणजे कोणते जाधव?"

मी म्हटलं, "लासलगावचे."

"ते झालं हो. मामांचं आडनाव काय?"

मी सांगितलं. काका छताकडे बघून हिशेब करत होते, वडील क्विंटलचा करतात तसा. मग हसले. "गैरसमज नको हं. आम्ही तसलं काही मानत नाही. फक्त मिसेसचं जरा देवाधर्माचं असतं." मिसेस आत कुकर लावत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

सोमवारी एजंटचा फोन. मालकांच्या मेहुण्याचा मुलगा येतोय राहायला. टोकनचे १,५०० परत आले, ५०० व्हिजिट चार्ज. कोणाची व्हिजिट? मी त्याची घेतली की त्याने माझी? गुरुवारी मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. गेटला सुतळीने बांधलेला पुठ्ठा तसाच लटकत होता, पावसाने एक कोपरा फुगलेला. 'खोली भाड्याने देणे आहे. फक्त सुशिक्षित व्यक्तींसाठी.' मेहुण्याचा मुलगा बहुतेक चालत येतोय.

पुढचा सल्ला मी उपरोधाने लिहिणार होतो की आडनाव बदलून घ्या, राजपत्रात जाहिरात देता येते वगैरे. नाही लिहीत. कंटाळा आला.

काका, भाडं तुमचं, खोली तुमची, नियम तुमचे. दहाच्या आत या म्हणा, येतो. मटण शिजवू नका म्हणा, नाही शिजवत. पण माझ्या मामांचा तुमच्या खोलीशी संबंध काय? ते आयुष्यात कधी गंगापूर रोडला आलेले नाहीत. आणि 'मानत नाही' म्हणायचं असेल तर विचारू नका, विचारायचं असेल तर निदान मिसेसच्या देवांना मध्ये आणू नका. तुमच्या मुलीला पुण्यात कुणी चहा पाजून हेच विचारलं असतं तर तुम्ही इथून गाडी काढून भांडायला गेला असता. आणि जायलाच हवं होतं.

मला तुमच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो. मी उत्तर दिलं. नीट, नम्रपणे, आजोळच्या गावाच्या नावासकट. चहा पूर्ण संपवला आणि उठताना कप उचलून ओट्यावर ठेवायला निघालो, तर "राहू द्या, राहू द्या" म्हणालात. तेव्हा मला ते अगत्य वाटलं होतं.

खोली नको आता. ते पाचशे रुपये तेवढे परत पाठवा.