सोनीचे दिवस भरले

आमच्या घरात उंदरांसाठी दोनच सोयी होत्या. सोयाबीनच्या कट्ट्यांमागे औषधाच्या वड्या आणि चुलीजवळ तारेचा पिंजरा. अशा घरात पोरानं दिवाळीला अमरावतीहून दोन पांढरे उंदीर आणले. विकत!

"फुकटचे कमी पडले काय रे?" एवढं बोलून बाबा दोन दिवस गप्प.

दुकानदारानं दोन्ही माद्या म्हणून दिल्या होत्या. सोनी आणि मोनी. पंधरा दिवसांत सोनीचं पोट दोन्हीकडून तट्ट फुगलं. आईनं एक नजर टाकली. "गाभण हाय हे. अन् हे मोनी नाही बाप्पा, मोन्या हाय. शेपटीखाली एवढं ढळढळीत, तुले दिसलं नाही काय?"

दिसलं होतं. मला ती सूज वाटली.

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. आधी ते पोटभर हसले. मग म्हणाले, "गाईला नऊ महिने, शेळीला पाच. हिला एकवीस ते तेवीस दिवस. उकडलेलं अंडं चारा." बाबा माळकरी. त्यामुळे अंडं गोठ्यात, तीन विटांच्या चुलीवर उकडलं. घरट्यासाठी मी मूठभर कापूस काढला, भावाच्या आशेनं अर्धी खोली भरून पडलाच होता. डॉक्टर म्हणाले, "कापूस नको, धागे पिल्लांच्या पायांना गुंडाळतात. कागद फाडून द्या." म्हणजे व्यापाऱ्यानंतर आता उंदरांनीही आमचा माल नाकारला.

एका रात्री सोनी व्याली. गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली अकरा पिल्लं. सोनीला बारा सडं, एक शिल्लक. सकाळी बाबांनी मुकाट्यानं वड्या उचलल्या ("वास लागते लेकरायले") आणि मोन्याला चुलीजवळच्या पिंजऱ्यात हलवलं. "बाळंतिणीपाशी बाप्या मानूस नाही चालत."

आनंदाची बातमी डॉक्टरांना कळवली. त्यांनी विचारलं, "नर रात्री कुठं होता?"

"तिथंच."

"अहो, उंदरीण व्याल्यावर चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येते! आणि ही अकरा पिल्लं पाच आठवड्यांची व्हायच्या आत नर-मादी वेगळे करा, नाहीतर तीही लागतील कामाला."

बाबांनी कॅलेंडर काढलं. कपिला गाईच्या तारखेखाली बोटानं बावीस दिवस मोजले, 'सोनी' लिहिलं आणि पोराला हाक मारली.

"बाबू, अमरावतीले पिंजरा केवढ्याले येते रे?"