सायकल पांढऱ्या पट्टीबाहेर चालवायची सक्ती नाही

सोलापुरात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: सायकलस्वाराने कडेच्या पांढऱ्या पट्टीबाहेरच राहावे, डांबरावर आल्यास दंड, समोरच्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या बाजूने जावे, मागून धडक बसली तर दोष त्याचाच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळीला सायकलने जाणाऱ्यांनी हे ऐकलं, तर तो जिवाशी खेळ होईल.

डांबरावर दंड? साफ खोटं. सायकल मोटार वाहन नाही, म्हणून लायसन-विमा लागत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या दृष्टीने ते वाहनच आहे. त्यातलं कलम 99 डावी बाजू धरायला सांगतं, आणि गरज किंवा सबळ कारण असेल तर ती सोडूही देतं. पांढऱ्या पट्टीचा तिथे उल्लेख नाही.

अगदी कडेला खडी, वाळू, चेंबरची झाकणं असतात. डांबर संपतं तिथे खाच असते. खाली उतरलेलं चाक तिरपं वर घ्यायला गेलं की ते काठाला घासत घसरतं आणि माणूस उजवीकडे, थेट गाड्यांपुढे पडतो. म्हणून कडेपासून साधारण मीटरभर आत, सरळ रेषेत चालवा. उभ्या कारपासूनही तेवढंच अंतर ठेवा, दार कधीही उघडतं. दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येऊ नका. खड्डा चुकवताना आधी मागे बघा, उजवा हात आडवा करा, मग सरका. सात रस्त्यासारख्या चौकात डावीकडे वळणाऱ्या बसच्या डाव्या अंगाला तर कधीच घुसू नका: तिचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून वळतं.

उजव्या बाजूचा सल्ला पायी चालणाऱ्यांसाठी ठीक. सायकल ताशी 15 किमी आणि गाडी 40 असेल, तर समोरासमोर वेग 55 होतो. एकाच दिशेत फरक फक्त 25. शिवाय बोळातून डावीकडे वळणारा चालक उजवीकडे बघत असतो, उलटी सायकल त्याला दिसतच नाही.

लाल वर्तुळात सायकलचं चिन्ह असेल तिथे मात्र बंदी खरी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही सायकल चालत नाही.

राहिला दोष. पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर राखणं मागच्या चालकाचं काम आहे. जखमी सायकलस्वाराला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. उलट दिशेने जाणं किंवा रात्री मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर नसणं सिद्ध झालं, तर रक्कम कमी होऊ शकते. गाडीचा नंबर टिपा, जागेचे फोटो काढा, पंचनामा करून घ्या.