‘पोरींचा फुटबॉल कोण बघूलालंय?’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडंही आला असणार. म्हणणं असं की बायकांचा फुटबॉल म्हणजे नुसता गाजावाजा, तो आधी कधी कुणी बघितलाच नाही, आता स्टेडियम भरतात ते फुकटच्या पासांवर, लीगा सगळ्या बुडतात, आणि बेळगावात तर काळं कुत्रं यायचं नाही. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मला राग आलाय, लपवत नाही, पण उत्तर आकड्यांनीच देतो.

‘कधी कुणी बघितलाच नाही’ हे साफ खोटं. २६ डिसेंबर १९२०, लिव्हरपूलचं गुडिसन पार्क, डिक कर कारखान्यातल्या पोरींची मॅच सेंट हेलेन्सशी, आत ५३ हजार माणूस आणि बाहेरून हजारो परत गेले. आणि वर्षभरात, डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं क्लबांना सांगून टाकलं की बायकांना ग्राउंड द्यायचं नाही. ही बंदी जवळजवळ ५० वर्षं राहिली! ब्राझीलमध्ये १९४१ पासून, पश्चिम जर्मनीत १९५५ पासून तेच. पब्लिक होतं, ग्राउंड काढून घेतलं, आणि आता विचारतायत पब्लिक कुठाय.

पासांचं बोलू. एप्रिल २०२२ ला बार्सिलोनाच्या कॅम्प नू स्टेडियमवर बायकांच्या बार्सिलोना-वोल्फ्सबर्ग मॅचला ९१,६४८ लोक होते, तिकिटं स्वस्त होती, मान्य. पण आवड नसताना निव्वळ स्वस्त आहे म्हणून एवढी माणसं जमतात होय? हां, एका मोठ्या मॅचवरून सगळं ठरत नाही, हे मात्र बरोबर. इंग्लंडच्या बायकांच्या लीगची सरासरी २०२३-२४ ला मॅचमागं ७ हजारांच्या आसपास होती आणि पुढच्या सीझनला घसरली. पण अमेरिकेतली बायकांची लीग, एनडब्ल्यूएसएल, बघा, २०२४ ला सरासरी ११ हजारांच्या वर, सीझनचे मिळून २० लाखांहून जास्त, तेही एका फायनलच्या जोरावर नाही, आठवड्यामागून आठवडा.

लीगा बुडाल्या, खरंय. अमेरिकेतच एक २००३ ला, दुसरी २०१२ ला. तिसरी, हीच एनडब्ल्यूएसएल, २०१३ ला सुरू झाली ती अजून चालूय, आणि २०२४ ला कॅन्सस सिटीत खास बायकांच्या टीमसाठी ११,५०० सीटचं स्टेडियम उभं राहिलं.

आता बेळगाव. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीमांच्या मॅच असल्या की आपल्याकडची पोरं बाईक काढून जातात, म्हणजे फुटबॉलचं वेड नाही असं कोण म्हणेल? मग पोरींचं काय होतं बघा. माझी भाची खेळते, गेल्या टुर्नामेंटला त्यांची फायनल ठेवली बुधवारी सकाळी आठला, बॅनरवर पोरींच्या टीमचं नाव नाही, माईकवाला अजून वायरी जोडतोय, चुन्याच्या लाईनी अर्ध्याच मारलेल्या, अर्धी बाजू पोरींनीच बूट घासून काढली. बघायला होते आईबाप आणि शेजारचा चहावाला. पोरांची फायनल त्याच ग्राउंडवर रविवारी चारला, फ्लेक्स, हलगी, आमदारांच्या हस्ते कप. आणि वर म्हणायचं पोरींना पब्लिक येत नाही!

जुलै २०२५ ला भारताच्या बायकांच्या टीमनं थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवून एशियन कपचं तिकीट काढलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तो फॉरवर्ड टाकणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत होतं? पुढच्या टुर्नामेंटला पोरींची फायनल पोरांच्या फायनलच्या आधी, रविवारी दुपारी अडीचला ठेवा, बॅनरवर दोन्ही टीमची नावं टाका, मग मोजू माणसं.