हिशोबी माणूसही शब्दांनी वळतो

जोखमीच्या निर्णयांबद्दल एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा, की मांडणीला, म्हणजे तीच गोष्ट कोणत्या शब्दांत सांगितली त्याला, भावनेच्या भरात वागणारेच भुलतात. विश्लेषक वृत्तीचा माणूस आकडे ताडून पाहतो, म्हणून त्याच्यावर शब्दांचा परिणाम होत नाही, तज्ज्ञांवर तर नाहीच. तेव्हा नीट विचार केला की पुरे.

दाव्याची सगळी भिस्त आकड्यांवर असल्याने आधी तेच पाहू. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नात साथीने ६०० माणसे दगावण्याची भीती आहे. पहिल्या उपायाने २०० वाचतील. दुसऱ्याने सर्व ६०० वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, कोणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. ७२ टक्क्यांनी खात्रीचा उपाय घेतला. दुसऱ्या गटाला तेच पर्याय मृत्यूंच्या भाषेत, म्हणजे खात्रीचा उपाय ‘४०० दगावतील’ असा सांगितला, तेव्हा ७८ टक्के लोक अनिश्चित उपायाकडे गेले. आता हिशोब करा: ६०० चा एक तृतीयांश २००च. गणित दोन्ही पारडी समान दाखवून मोकळे होते, निवड मात्र उरतेच. आणि ‘वाचतील’ म्हटले की हातचे सोडवत नाही, ‘दगावतील’ म्हटले की धोका पत्करावासा वाटतो, मग हिशोब कितीही बिनचूक केलेला असो.

तज्ज्ञांचा मुद्दा लवकर निकालात निघतो. बार्बरा मॅकनील आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की किरणोपचार, असे रुग्णांना, डॉक्टरांना आणि संख्याशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांना विचारले. जगणाऱ्यांऐवजी दगावणाऱ्यांचे आकडे दिल्यावर शस्त्रक्रियेकडचा कल तिन्ही गटांत घटला. डॉक्टर अपवाद ठरले नाहीत.

विचारशैलीचा काहीच संबंध नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. स्मिथ आणि लेविन या संशोधकांना १९९६ साली विचार करण्याची आवड कमी असलेल्यांवर मांडणीचा परिणाम दिसला, आवड जास्त असलेल्यांवर दिसला नाही. दावा करणारे इथेच थांबतात. पण लेबफ आणि शफीर या संशोधकांनी २००३ साली दाखवले, की प्रत्येकाला एकच मांडणी दिली तर विचारांची आवड असलेलेही इतरांसारखेच वळतात. एकाच माणसापुढे दोन्ही मांडण्या आल्या, तरच विचारांची आवड असलेल्यांची उत्तरे अधिक सुसंगत राहतात.

म्हणून ‘नीट विचार करा’ हा सल्ला अपुरा पडतो. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करणाऱ्या नातेवाइकाला ‘शंभरातले नव्वद वाचतात’ एवढेच सांगितले जाते, आणि त्याचा विचार त्या वाक्यापासून सुरू होतो. ‘दहा दगावतात’ हे वाक्य त्याला स्वतःच तयार करावे लागते. ते न करताही तो रात्रभर, अगदी बारकाईने, विचार करू शकतो.