‘दहा मिनिटांत होतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ठाण्यात सध्या अमूर्त, म्हणजे ओळखीची वस्तू किंवा आकृती न दाखवणाऱ्या, चित्रांचं एक प्रदर्शन चालू आहे, त्यातल्या एका करड्या कॅनव्हासचा फोटो घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय आणि खाली लिहिलंय की रंग ओतला, फडका फिरवला, दहा मिनिटांत चित्र तयार, माझा पाच वर्षांचा मुलगा पण काढेल, आणि याला कोट्यवधी मिळतात म्हणजे सगळा पैसेवाल्यांचा खेळ. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण ते चित्र मी समोर उभी राहून बघितलंय.

आधी दहा मिनिटांचं बोलू. फोटोत नुसता करडा दिसतो, पण कडेला जाऊन तिरकं बघा, करड्याखाली गेरू, त्याखाली निळा, आणि मध्ये जिथे सुरीने खरवडलंय तिथे तोच निळा परत वर आलाय. एका कोपऱ्यात रंग जाड लागलाय, त्याच्यावर आधी साय धरली आणि आतला ओलाच राहिला म्हणून बारीक सुरकुत्या पडल्यात, त्या चित्रकाराने तशाच ठेवल्यात. हा ऑइल कलर आहे, तो पाणी उडून सुकत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पातळ थराला काही दिवस लागतात आणि जाड थराला महिनेच्या महिने. त्यात वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल कमी पडलं तर पुढे तडे जातात. म्हणजे वाट बघणं हे कामच आहे, ते टाळून हे चित्र होतच नाही.

मुलगा पण काढेल, यावर तर 2011 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या संशोधकांनी अभ्यासच केला, नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलांची, प्राण्यांची चित्रं अशा जोड्या लोकांना दाखवल्या आणि कुठलं चित्र जास्त चांगलं ते विचारलं. काहींची निवड चुकली हे खरं, पण चित्र कोणी काढलं हे सांगणारी लेबलं मुद्दाम उलटी लावली तरी चित्रकाराचं चित्र निवडण्याचं प्रमाण नुसत्या अंदाजापेक्षा जास्तच आलं.

आणि कोट्यवधींचं. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, रोलरने रंग चढवायचे, सुरीने काढायचे, कागदाचे तुकडे दाबून उचलायचे, वर्षात मोजकीच चित्रं पूर्ण व्हायची. त्यांचं 1979 चं एक चित्र मुंबईच्या लिलावात 23.7 कोटींना गेलं ते 2013 मध्ये, आणि ते स्वतः 2001 मध्येच गेले होते. लिलावाचा तो आकडा ठाण्यातल्या चित्रकाराच्या माथी कसा काय मारता? हॉलचं भाडं, फ्रेमिंग, टेम्पो, सगळं त्याने खिशातून भरलंय, त्याला पैसेवाल्यांचा खेळ म्हणणं मला अजिबात मान्य नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी निदान ती एक ओळ तरी काढावी.