‘वेगसला प्लॅनिंग लागत नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला लेकीकडे आलेल्या माझ्या मावशीने काल एक फॉरवर्ड पाठवला : ‘लास वेगस – बॅग भरा आणि निघा!’ खाली तिची ओळ, ‘जुलैत जातोय, आधी काही ठरवायची गरज नाही म्हणे.’ मावशी सत्तरीला आलेली, काकांना रक्तदाबाची गोळी चालू. त्यामुळे गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक वाक्य हे : ‘हवा कोरडी, घाम येत नाही. नागपूरकरांना तर हे ऊन काहीच नाही. सगळं चालत फिरा.’ अहो, घाम येतो! कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो, म्हणून अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटेही पाणी जास्त जातं. ७ जुलै २०२४ ला वेगसच्या विमानतळावर ४८.९ अंश तापमान होतं, शहराचा आजवरचा उच्चांक. त्या एका वर्षात क्लार्क काउंटीत, म्हणजे वेगस ज्या जिल्ह्यात येतं तिथे, उष्णतेशी संबंधित ५०० हून जास्त मृत्यू झाले. आकडा तिथल्या सरकारी आरोग्य खात्याचा आहे. त्यात बहुतेक तिथलेच रहिवासी होते, त्या उन्हाची सवय असलेले.

आणि नागपूरकरांचं नाव कशाला घेता? नागपूरचा माणूस मे महिन्यात भर दुपारी काम असल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि पडलाच तर डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून. वेगसला तर स्ट्रिपच, म्हणजे मोठ्या हॉटेलांचा आणि कॅसिनोंचा मुख्य रस्ताच, पावणेसात किलोमीटरचा. समोर दिसणारं हॉटेल गाठायला जिने, पूल, वळसे धरून वीस मिनिटं सहज जातात.

‘जाता जाता डेथ व्हॅली’ हा सल्ला तर देऊच नये. ते भयंकर तापणारं वाळवंट आहे. जुलै २०२४ मध्ये तिथे एक मोटरसायकलस्वार उन्हाने दगावला. हवा इतकी तापून विरळ झाली होती की रुग्णवाहिका हेलिकॉप्टर तिथे येऊच शकलं नाही.

‘ग्रँड कॅन्यन तासाभरावर’ हेही खोटं. त्या प्रचंड दरीचा नॅशनल पार्कमधला साउथ रिम, म्हणजे दक्षिणेकडचा कडा, वेगसहून सुमारे ४५० किलोमीटर, एका बाजूला साडेचार तास. काचेचा स्कायवॉक आहे तो वेस्ट रिमला, दोन-अडीच तासांवर. ती जमीन हुआलापाई आदिवासींची, तिथे नॅशनल पार्कचा पास चालत नाही.

‘रूम अगदी स्वस्त’ हे अर्धं खरं आहे, मान्य. जुलैत सोमवार ते गुरुवार दर खरंच खाली येतात. पण का येतात? याच उन्हामुळे. शिवाय बऱ्याच हॉटेलांत रूमच्या भाड्यावर रात्रीमागे ४०-५० डॉलर ‘रिसॉर्ट फी’ नावाचा वेगळा आकार लागतो. मे २०२५ पासून तो धरूनच किंमत दाखवायची सक्ती आहे, तेव्हा जुन्या स्क्रीनशॉटवरचा दर विसरा.

‘कडेची स्लॉट मशीन जास्त पैसे देते’ याला काही आधार नाही, जुगाराच्या या मशीनचा निकाल यादृच्छिक आकड्यांवर ठरतो. आणि टूरिस्ट व्हिसावरच्या माणसाला स्लॉटवर मोठी रक्कम लागली, तर ३० टक्के कर तिथेच कापला जातो.

मावशी, तुमचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे. वेगस ऑक्टोबरच्या शेवटाकडे ढकला, मधल्या वारी जा, आणि रूम आजच बघून ठेवा. जुलैतच जायचं झालं, तर सकाळी नऊच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच बाहेर पडा, आणि काकांच्या गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.